पूर्ण पगार मिळाला तर रेशन कटतं: कष्टकरी घरांतल्या लेकरांचं काय?

खडू_फळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळा उघडली की शिष्यवृत्तीचे अर्ज, पासबुकं, उत्पन्नाचे दाखले सगळं आमच्याच टेबलावर येतं. आपल्याकडे चर्चा लाडकी बहीण बरोबर की चूक इथेच अडकते, पगाराचा विषय निघतच नाही. म्हणून हा धागा.

वर्गातल्या एका मुलीचे बाबा ठेकेदाराकडे सुरक्षारक्षक आहेत. पासबुकात दर महिन्याला तेरा हजारांच्या आसपास जमा होतात. पगार पडला की सुपरवायझर येतो. साडेचार हजार एटीएममधून काढून त्याच्या हातावर ठेवायचे, नाहीतर पुढच्या महिन्यात ड्युटी नाही. घरी येतात साडेआठ हजार. बारा तासांची पाळी, रविवारही तसाच. यंदा ते उत्पन्नाचा दाखला काढायला गेले, पासबुक लावलं आणि दाखला निघाला दीड लाखाच्या वरचा. कागदावर ते कायद्याप्रमाणे कमावणारे, घरात मात्र महिनाअखेरीला उसनवारी. आपण नेमके किती कमावतो, हे त्यांनी कुठे आणि कोणाला सांगायचं?

आता आकडे बघा. अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटात यायचं तर शहरात वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचे ४,९१६ रुपये, तेही सगळ्या घराचे मिळून. महापालिका क्षेत्रात दुकानं-आस्थापनांमधल्या अकुशल कामगाराचं मूळ किमान वेतनच दहा हजारांच्या वर आहे, त्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता वेगळा. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला कायद्यानुसार पगार मिळाला तरी त्या घराचा स्वस्त धान्याचा हक्क जातो. खासगी शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा १ लाख, तिथूनही ते बाहेर. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर वर्षाला २१,०००. त्यातल्या त्यात लाडकी बहीणची अडीच लाखांची मर्यादा माणुसकीची वाटते, पण नवरा-बायको दोघांनाही किमान वेतन मिळालं की तीही ओलांडली जाते.

एक कायदा म्हणतो यापेक्षा कमी पगार देणं गुन्हा. दुसरा नियम म्हणतो एवढा पगार असेल तर तुम्ही गरजू नाही. या दोन्हींच्या मध्ये जी घरं आहेत त्यांना कमी पगार मुकाट्याने घेणंच परवडतं, आणि ठेकेदाराला हे पक्कं माहीत आहे.

मुलांवर याचा परिणाम कसा होतो ते वर्गात रोज दिसतं. सोमवारी खिचडीची दुसरी वाढ मागणारी मुलं जास्त असतात, कारण रविवार मध्ये गेलेला असतो. आई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला निघते, मग दहा वर्षांची मुलगी धाकट्याला अंगणवाडीत सोडून शाळेत येते, परिपाठ संपल्यावर. हजेरीपटावर ती 'उशिरा येणारी' असते. आणि उन्हाळा! विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे दुपारचं शाळेतलं जेवणही आमच्या मुलांचं जास्त दिवस बंद. त्याच मे महिन्यात दुपारची बांधकामं थांबतात आणि बापाची मजुरीही निम्मी होते.

तुमच्या आसपास काय आहे ते लिहा. फक्त 'लोकांना फुकटची सवय लागली' एवढंच लिहायचं असेल तर वरचं गणित आधी सोडवून दाखवा, ही विनंती.

---

हिंगणा_रोड

ताई, कळकळ पोचली. पण दुसरी बाजू मांडतो. माझं हिंगणा एमआयडीसीत छोटं युनिट आहे. मी माणसांना किमान वेतन देतो, पीएफ-ईएसआयसी भरतो आणि पैसे परत घेत नाही. मोठ्या कंपन्यांना माल दिला की कायद्याने ४५ दिवसांत पैसे यायला हवेत, येतात तीन-चार महिन्यांनी. तोपर्यंत पगार कर्जावर काढायचा. शेजारचा गाळेवाला ठेक्यावर माणसं आणतो, त्याचा खर्च माझ्या दोन तृतीयांश. टेंडर कोणाला जाणार, सांगायला नको. जो कायदा पाळतो त्याच्या कामगाराचं रेशन कटतं, जो मोडतो त्याच्या कामगाराचं चालू राहतं. माझ्याकडच्या एका हेल्परने मला स्पष्ट विचारलं, 'साहेब, स्लिपवर कमी दाखवता येईल का?' मी नाही म्हणालो. त्याच्या बाजूनं विचार केला तर त्याचं काय चुकलं?

माझं मत असं की मुलांना जे द्यायचं ते बापाच्या पगाराशी बांधूच नका. जेवण, पुस्तकं, दवाखाना सगळ्या मुलांना द्या.

---

काटोलचा_संत्रेवाला

ताई, तुमी शहरातलं सांगून राहिल्या. आमच्याकडं कापूस वेचाले बाई भेटत नाही. रेशन फुकट, वरून पंधराशे रुपये खात्यात. मंग कोण येते वावरात? आमाले कापसाले भाव नाही, मजुरी वाढवाची कुठून? तुमच्या हिशेबात शेतकरी कुठं हाये थेही सांगा.

---

खडू_फळा

काटोलकर भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे आणि भावाचं दुःखही खरं आहे. पण रेशनचा हिशेब एकदा करून बघा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. दोन वेळचं पोटही त्यात भरत नाही, तेल-मीठ-डाळ-दवाखाना तर लांबच. एवढ्यावर कोणी काम सोडून घरी बसत नाही. बाई वावरात येत नाही याचं कारण तुमच्याच गावात विचारा, तिला पुरुषापेक्षा किती कमी मजुरी मिळते. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. रोजगार हमीच्या कामावर बाई-पुरुषाला एकच दर मिळतो, ते काम निघालं की गावातली बायकांची मजुरीही थोडी वर सरकते. पंधराशे रुपयांनी तिला एवढंच दिलं की पडेल त्या दराला 'नाही' म्हणता येतं. माझ्या शाळेतल्या मुलांच्या आयांनी त्या पैशातून मुलांचे बूट घेतले, शिकवणीची फी भरली, एकीने आरडी उघडली. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हिंगणा रोड, तुमच्यासारखे मालक या धाग्यावर लिहितात याचा मला आनंद आहे. 'सगळ्या मुलांना द्या' यावर पुढे बोलू, कारण देणारे हात कोणाचे हा प्रश्न त्यात आहे.

---

अंगणवाडीची_लेक

देणारे हात कोणाचे, ते मी सांगते. माझी आई अंगणवाडी सेविका. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. इतकी वर्षं गाडा ओढणाऱ्या या बायका आजही कर्मचारी नाहीत, त्या 'मानसेवी'. त्यामुळे किमान वेतनाचा कायदा त्यांच्या दारातच अडतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या तेव्हा सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० मिळत होते. संप जानेवारीपर्यंत चालला. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला तोही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं बघा. केंद्राने त्यांचं मानधन २००९ मध्ये महिना १,००० ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. राज्याने भर घालून ते २,५०० केलं. पन्नास-शंभर पोरांचं जेवण रांधणारी बाई, आणि तिचं स्वतःचं लेकरू त्याच पंगतीत, कारण घरी दुपारचं काही नसतं.

मुलामागचा पैसा किती? अंगणवाडीतल्या मुलासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर दिवसाला ८ रुपये. शाळेत पहिली ते पाचवीला मे २०२५ पासून एका ताटाचा शिजवण्याचा खर्च ६ रुपये ७८ पैसे. आठवड्यातून एक अंडं द्यायचं नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, मुलं त्या दिवसाची वाट बघायची, हजेरी वाढायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला.

याचं फळ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. महाराष्ट्रात वयाच्या मानाने खुजी राहिलेली पाच वर्षांखालची मुलं २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.२. रक्तक्षय असलेली मुलं ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर. देशातल्या श्रीमंत राज्यांत आपली गणना होते, आणि दर तीन मुलांतलं एक मूल खुजं!

दर हिवाळी अधिवेशनात या बायका मोर्चा घेऊन नागपुरात येतात. शहरातले लोक ट्रॅफिक जामला शिव्या घालतात. पुढच्या वेळी टेकडी रोडवर अडकलात तर खाली उतरून एखादीला विचारा, पगार किती आणि घरी किती लेकरं. एवढं तरी करा.

---

जुना_मिलकामगार_वंशज

या ताईंच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली मिल. तिथे १८८६ मध्येच पेन्शन फंड होता. आजोबांच्या एका पगारावर घर चालायचं. आजी घरी असायची, माझे वडील आणि काका मॅट्रिक झाले. मिल काही स्वर्ग नव्हता. कापसाच्या धुळीने आजोबांची छाती गेली, आणि पगारासाठी संप करावे लागलेच. पण पगार कोणाकडून मागायचा हे माहीत होतं. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली. आता घरातले तिघं कमावतात: एक ऑटो, एक डिलिव्हरी, वहिनी दुकानात. तिघांचे मिळूनही तशी निश्चिंती नाही, कारण तिघांपैकी कोणाचाच पुढचा महिना ठरलेला नसतो. पुतणी अकरावीत आहे, सकाळी कॉलेज, दुपारनंतर साड्यांच्या दुकानात उभी. मार्क कमी पडले की सगळे तिलाच बोलतात.

---

दहा_बाय_दहा

बांधकाम मजुराचा मुलगा म्हणून लिहितो. आम्ही मूळचे बालाघाटचे, माझा जन्म नागपूरचा. आईबाबा दोघंही ठिय्यावर, म्हणजे रोजचं काम मिळवायला मजूर थांबतात त्या चौकात, उभे राहायचे. बाबा मिस्त्री, आई रेजा (बांधकामावरची मजूर बाई).

बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, त्यातून कल्याणकारी मंडळ चालतं. नोंदणी असली की दोन मुलांना शिष्यवृत्ती मिळते. सातवीपर्यंत वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, दहावी-बारावीला ५० टक्के पडले तर १०,०००. पैसा तिथे आहे. अडतं कुठे? वर्षात ९० दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्रावर. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली तर हा माझा माणूस हे कबूल केल्यासारखं होतं, मग अपघात झाला तर भरपाई आली. ठिय्यावरचा मजूर रोज वेगळ्या मालकाकडे जातो, नव्वद दिवसांची सही एकटा कोण देणार? शहरात महापालिकेच्या आणि गावात ग्रामसेवकाच्या प्रमाणपत्रावरही काम होतं, पण त्यासाठी दोन दिवस मजुरी बुडवून फिरावं लागतं. आणि दरवर्षी नूतनीकरण. एक वर्ष चुकलं की त्या वर्षीची मुलाची शिष्यवृत्ती गेली.

माझी एका वर्षाची अशीच गेली. बाबा त्या वर्षी पुण्याला साईटवर होते. आईने माझ्या फीसाठी पायातले तोडे गहाण टाकले. मी शिकलो, पण धाकट्या भावाला त्याच वर्षी शाळा सोडून टाइल्स पॉलिशच्या कामावर जावं लागलं. त्याचं वय तेव्हा चौदा पूर्ण होतं, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो बालकामगारसुद्धा नव्हता.

---

कामठीवाली

माझ्याकडे बिडीचं आहे. आमच्या मोहल्ल्यात आजही बायका घरी बिड्या वळतात. हजार बिडीमागे मजुरी. पानं आणि तंबाखू तोलून मिळतो, तो कमी पडला तर पदरचा घालायचा. देताना सट्टेदार (बिड्या गोळा करणारा ठेकेदार) खराब म्हणून मूठभर बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही देत नाही. हजार पूर्ण करायचे तर एका बाईच्या हातून दिवसात होत नाहीत. मग शाळेतून आलेली मुलगी कात्री घेऊन पानं कापते, लहान भाऊ बिडीची तोंडं दुमडतो. कागदावर कामगार एक, बोटं तीन माणसांची. माझी बोटं अजून तशीच वळतात.

१९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्याने दवाखाने आणि आमच्यासारख्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, मी स्वतः तीवर शिकले. तो निधी बिडीवरच्या उपकरातून यायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. योजना कागदावर आहे, पण तिचा हक्काचा झरा आटला. आता अर्थसंकल्पातून जे देतील ते. लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा पैसा वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये खुद्द मंत्र्यांनी जाहीरपणे केली होती. या खात्यांमधून वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या चालतात. म्हणजे आईच्या खात्यात दीड हजार टाकायला लेकराच्या वसतिगृहाचे पैसे काढले. आईला हे सांगितलं तर तिला चालेल का?

---

हिंगणा_रोड

कामठीवाली ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

एक मुद्दा कामाचा मांडतो. पगार परत घेण्यावर महाराष्ट्राकडे उपाय आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि मंडळ हमालाला देतं, मध्ये मुकादमाचा हात नाही. त्याच धर्तीवर १९८१ चा सुरक्षारक्षकांचा कायदा झाला. मंडळाकडून रक्षक घेतला की त्याचा पगार कापता येत नाही. पण कलम २३ खाली एजन्सींना सूट मिळते आणि बहुतेक सोसायट्या स्वस्त पडते म्हणून एजन्सीच घेतात. ताई, तुमच्या त्या पालकांच्या एजन्सीकडे सूट आहे का, हे मंडळाकडे विचारता येईल. इथे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण सोसायटीच्या कमिटीवर असतील. एजन्सीला बिल किती देता आणि रक्षकाच्या हातात किती पडतात, हे येत्या मीटिंगमध्ये विचारा. बिलात किमान वेतन लावलेलं असतंच. मधला फरक तुमच्याच खिशातून जातो.

---

काटोलचा_संत्रेवाला

ताईनं मजुरीचं इचारलं म्हून सांगतो. आमच्याकडं बाईले माणसापरीस कमीच देतेत, सगळेच देतेत. मी एकट्यानं वाढवली तर गावकरी माह्यावरच चिडतीन. पण भिवापूर-मांढळकडं मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची साफ कराच्या जागेवर) आमच्या इकडच्या बाया जातेत, देठं खुडाले. तिथं नगदी भेटते, सावलीत बसाले भेटते. लहान पोट्टे संग नेतेत, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात खोकतेत. तिथं एखादी पाळणाघराची खोली झाली पाह्यजे, हे मले पटते. शेतमालाले भाव भेटला तर आमीबी मजुरी देऊ. दोन्ही मागण्या संगंच कराव लागन.

---

अंगणवाडीची_लेक

काटोलकर काका, या वाक्यासाठी धन्यवाद. जुन्या कायद्यांत कारखान्यात ३० पेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं, बांधकामावर ५० पेक्षा जास्त असतील तर. म्हणून ३० आणि ५० वर हजेरी थांबवायचे, उरलेल्या दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. सातरा तर कोणाच्या हिशेबातच नाही. आई म्हणते, अंगणवाडी सहा तास चालवा आणि आम्हाला त्या सहा तासांचा पूर्ण पगार द्या, अर्ध्या मोहल्ल्याच्या मुली वेळेवर शाळेत जातील.

---

मानेवाडा_२७ (नवीन सभासद)

हा धागा वाचून सभासद झाले. मी चार घरी स्वयंपाक करते. मुलगा आरटीईतून चांगल्या इंग्रजी शाळेत आठवीपर्यंत शिकला, वर्गात तिसरा येतो. आता शाळा म्हणते नववीपासून पूर्ण फी भरा. ती माझ्या पाच महिन्यांच्या कमाईएवढी आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेले तर मागची काही फी बाकी आहे म्हणून दाखला देत नाहीत. मुलगा म्हणतो, आई, मी शाळा सोडतो, डिलिव्हरीचं काम बघतो. त्याला मी काय सांगू?

---

खडू_फळा

मानेवाडा ताई, बरं झालं लिहिलंत. त्याला आधी सांगा की शाळा सुटणार नाही.

आरटीईचा हक्क आठवीपर्यंतच आहे, हा कायद्यातला मोठा खड्डा आहे आणि तुमच्यासारखी अनेक मुलं दरवर्षी त्यात पडतात. २०२४ मध्ये तर सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियम राज्याने आणला होता. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. भांडलं तर मिळतं.

तुमच्या बाबतीत: अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, राज्याचा हा निर्णय १९९६ पासूनचा. मुलींना तर बारावीपर्यंत. नागपुरात सेमी-इंग्रजी असलेल्या चांगल्या अनुदानित शाळा आहेत, त्याला माध्यम बदलल्याचा फार त्रास होणार नाही. आरटीईच्या मुलाकडून आठवीपर्यंतची शिकवणी फी मागताच येत नाही, त्यामुळे 'बाकी' कसली ते लेखी मागा. दाखला अडवून धरत असतील तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करा, त्याची पोच घ्या. अर्ज मी लिहून देते. घरकामगार मंडळाचा कायदा २००८ चा आहे, तुमची नोंदणी झाली नसेल तर तीही करून टाकू. मोलकरणींच्या हक्कांसाठी डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेने याच शहरात मोठं काम केलंय.

मला व्यक्तिगत निरोपात मुलाचं आठवीचं प्रगतिपुस्तक आणि शाळेने दिलेला फीचा कागद पाठवा. रविवारी दुपारी मी मोकळी असते. दहा_बाय_दहा, तुम्ही येऊ शकाल का? त्याच्याशी डिलिव्हरीच्या कामाबद्दल तुम्ही बोललात तर तो ऐकेल.

---

दहा_बाय_दहा

येतो ताई. भावालाही घेऊन येतो.